रक्तवाहिन्यांची दुरुस्ती

पुण्याच्या वायव्येस, मुंबईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत ताथवडे आहे. त्याला गांव म्हणण्याची आमची जुनी संवय जात नाहीं, इतकेंच; एरवीं तें पिंपरी-चिंचवड नगरांत केव्हांच मिसळून गेलें आहे. नृसिंहाचें देऊळ जुन्या वस्तींत आहे, आणि भोंवतीं अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें व उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशाच एका इमारतींत माझे वडीलबंधु राहतात. त्यांचें उभें आयुष्य चिंचवडच्या एका कारखान्यांत लेथवर गेलें. पोलादाचा तुकडा बोटांत धरून त्यांनीं व्यास सांगावा, आणि मापून पाहिल्यावर तो बहुधा बरोबर निघावा, अशी त्यांच्या हाताची ख्याति.

चार महिन्यांपूर्वीं त्यांच्या छातींत दुखूं लागलें. तपासणींत हृदयाची एक धमनी बरीच अरुंद झालेली आढळली व तेथें स्टेंट बसविण्यांत आला. तिसऱ्या दिवशीं ते चालत घरीं आले. पुढें सारें ठीक चाललें असतां त्यांची दाढ दुखूं लागली. दाढ काढावयाची म्हणजे रक्त वाहणार, तेव्हां रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या आपणच बंद कराव्या, असें त्यांनीं कोणास न विचारतां ठरविलें आणि फोनवर सहज मला सांगितलें. "अरे, नळी तुंबली होती ती मोकळी केली, वर आंतून बुश बसविलें. काम पुरें झालें. आतां त्या गोळ्या कशाला?"

मीं विचारलें, "दादा, आजची गोळी घेतलीत का?"

"आजची घेतली. उद्यांपासून बंद."

"उद्यां सकाळीं मी येतों. तोंवर बंद करूं नका."

मी जन्मभर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवीत आलों. परंतु टर्नरला शिकविणें निराळें. त्याला शब्द पुरत नाहींत, माप व कारण दोन्ही द्यावीं लागतात. दुसऱ्या दिवशीं त्यांच्या स्वयंपाकघरांतील मेजाशीं बसून जें बोललों तेंच, श्रोतेहो, आज आपणांपुढें मांडीत आहें. कारण रक्तवाहिनी म्हणजे नळी हा समज माझ्या बंधूंचा एकट्याचा नाहीं. मोठमोठे शस्त्रवैद्य ह्याच समजानें कामास लागले, आणि रक्तवाहिन्यांनीं त्यांना एकामागून एक धडे दिले.

प्रथम मापें. हृदयापासून निघणारी महाधमनी सुमारें अडीच सेंटिमीटर रुंद असते. खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या दोन ते चार मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण आगकाडीच्या जाडीपासून पेन्सिलीच्या निम्म्या जाडीपर्यंतच्या. शेवटच्या केशवाहिन्या इतक्या बारीक कीं, सात-आठ मायक्रॉन रुंदीच्या तांबड्या पेशीला त्यांतून जातांना पुष्कळदां अंग दुमडावें लागतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हें दादांना सांगण्याची गरज नव्हती.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा बळकट, मधला स्नायूंचा व लवचिक तंतूंचा, आणि सर्वांत आंतलें अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचें. पुष्कळ काळ लोकांना वाटे कीं हें अस्तर म्हणजे नुसता गुळगुळीत मुलामा. १९८० सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट फर्चगॉट ह्या शास्त्रज्ञानें सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. अस्तर शाबूत असलेल्या पट्टीवर एक ठराविक द्रव्य घातलें कीं ती सैल पडे. अस्तर घासून काढलेल्या पट्टीवर तेंच द्रव्य घातलें तर ती उलट आवळे. म्हणजे सैल होण्याचा हुकूम अस्तराकडून जात होता. तो पोंचविणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड नांवाचा साधा वायु निघाला, आणि १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नारो व मुराद ह्या तिघांना त्या शोधांबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. हेंच अस्तर रक्ताला गोठूं देत नाहीं. तें खरवडलें गेलें कीं त्याखालचे तंतु उघडे पडतात, रक्तांतील बिंबिका त्यांना चिकटतात व गुठळी होऊं लागते. बोट कापलें असतां हीच गोष्ट आपला जीव वाचविते. पण रक्ताला भाजी चिरण्याची सुरी कोणती व शस्त्रवैद्याचें उपकरण कोणतें हें कळत नाहीं. त्याला जखम तेवढी कळते.

दादा म्हणाले, "म्हणजे तुमच्या नळीला आंतून हात लावला कीं ती रागावते." मीं म्हटलें, तसें समजा.

हें प्रथम ज्याच्या हातांना उमगलें तो फ्रान्समधील आलेक्सी कारेल. १८९४ सालीं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो ह्यांच्यावर लियाँ शहरांत खंजिराचा वार झाला; पोटांतील एक मोठी नीला तुटली, ती शिवण्याची विद्या कोणापाशींच नव्हती, व ते गेले. कारेल त्या वेळीं तेथेंच वैद्यक शिकत होता. त्यानें पुढें लियाँतील एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुई चालविणें शिकून घेतलें. आतां गोल, मऊ, ओली नळी शिवावयाची म्हणजे सुई समोरच्या भिंतींत अडकण्याचें भय असतें. कारेलनें वाहिनीच्या कडांना समान अंतरावर तीन टांके घातले आणि ते तीन दिशांना ताणून धरले. वर्तुळाचा त्रिकोण झाला, आणि त्याची एकेक बाजू सरळ शिवण घालावी तशी शिवतां येऊं लागली. घरांत ज्यांनीं ओढणीची किनार शिवली असेल त्यांना ह्यांतील चातुर्य माझ्यापेक्षां लवकर कळेल. अस्तराला कमींत कमी इजा व्हावी म्हणून सुई-दोऱ्याला तो व्हॅसलीन लावी. १९०२ मध्यें त्यानें ही पद्धति प्रसिद्ध केली. १९१२ मध्यें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

हात आणि घरगुती वस्तु ह्यांचा हा संबंध पुढेंहि दिसतो. टॉमस फोगर्टी ह्या अमेरिकन शस्त्रवैद्याला पायाच्या धमनींत अडकलेली गुठळी काढावयाची होती. त्यानें एका बारीक मूत्रनलिकेच्या टोंकाला शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याचें बोट बांधलें. मासे धरण्याच्या गळाला बांधकाम करण्याचा लहानपणचा सराव त्याच्या उपयोगीं पडला. फुगा मिटलेला असतां तो गुठळीच्या पलीकडे सारावयाचा, तेथें फुगवावयाचा आणि हलकेच मागें ओढावयाचा. १९६३ सालीं हें उपकरण प्रसिद्ध झालें आणि किती माणसांचे पाय राहिले ह्याची गणतीच नाहीं.

आतां मुंबईकडे येऊं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत व त्याला जोडलेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे शस्त्रवैद्य होते. के. ई. एम. हें मुंबई महानगरपालिकेचें रुग्णालय; तेथें येणारा रोगी बहुधा गिरणींतला किंवा कोकणांतून आलेला. अशा ठिकाणीं, गर्दीच्या व तुटपुंज्या साधनांच्या मधोमध, सेनांनीं हृदयाच्या शस्त्रक्रियेची प्रयोगशाळा उभी केली. १९६८ च्या फेब्रुवारींत, जगांतील पहिल्या हृदयारोपणास तीन महिने होण्याच्या आंत, त्यांनीं येथें तसें आरोपण केलें. रुग्ण कांहीं तासच जगला. त्यांचें नांव निघालें कीं लोकांना तेवढी एक शस्त्रक्रिया आठवते. मला त्यांचें निराळें एक काम अधिक महत्त्वाचें वाटतें.

त्या काळीं हृदयाची धमनी बंद झाली तर वैद्यापाशीं फार थोडे उपाय होते. सेनांचा प्रश्न असा होता : हृदयाचा स्नायु उपाशी मरतो, आणि तो ज्या कप्प्याभोंवतीं गुंडाळलेला आहे तो कप्पा तर रक्तानें तुडुंब भरलेला असतो. विहिरीच्या कांठावरचें शेत वाळावें असाच हा प्रकार. मग स्नायूनें कप्प्यांतूनच रक्त कां घेऊं नये? आणि हें सृष्टींत कोठें घडतें का? घडतें. सर्पादि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायु स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि त्याचा बराच भाग कप्प्यांतील रक्तावरच पोसला जातो. तेव्हां मनुष्याच्या हृदयाला सर्पाच्या हृदयाचा थोडा गुण देतां आला तर?

१९६५ सालीं सेन, तेहेमतन उदवाडिया, किनरे व परुळकर ह्या चौघांनीं अमेरिकेंतील छातीच्या शस्त्रक्रियेच्या एका मान्यवर मासिकांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कुत्र्यांच्या हृदयाची मुख्य धमनी बांधावयाची, आणि ज्या भागाचें रक्त तुटलें तेथें सुईनें बाहेरून आंतल्या कप्प्यापर्यंत पुष्कळ छिद्रें पाडावयाचीं. छिद्राचें बाहेरचें तोंड थोड्या वेळानें आपोआप गोठून बंद होई. आंतलें उघडें राहील अशी अपेक्षा. छिद्रें न पाडलेल्या कुत्र्यांच्या मानानें ह्या कुत्र्यांचा निभाव चांगला लागला. साधी सुई, पालिकेचें रुग्णालय, आणि कल्पना सर्पाची. दादांनीं चहाचा पेला खालीं ठेवला आणि म्हणाले, "वा! सरळ ड्रिल मारलें कीं!"

पण १९६९ सालीं त्याच मासिकांत दुसऱ्या एका गटाचा लेख आला, आणि ही गोष्ट शरीरशास्त्रानुसार अशक्य आहे, असें त्याच्या मथळ्यांतच म्हटलेलें होतें. त्यांचा मुद्दा दाबाचा होता. हृदय आवळतें तेव्हां कप्प्यांतील दाब वाढतो हें खरें, पण त्याच क्षणीं स्नायूच्या आंतला दाबहि तितकाच किंवा अधिक वाढतो. मग रक्त आंत शिरणार कसें? हृदय सैल पडतें तेव्हां स्नायु रक्त घ्यावयास तयार असतो, परंतु तेव्हां कप्प्यांतील दाब अगदीं उतरलेला असतो. महाधमनींतील दाब मात्र त्या वेळींहि पाऱ्याच्या ऐंशी मिलिमीटरच्या आसपास टिकून राहतो, आणि म्हणूनच हृदयाच्या धमन्या तिच्यापासून निघाल्या आहेत. सर्पाची गोष्ट निराळी, कारण त्याचा स्नायुच मुळीं सच्छिद्र घडणीचा. शिवाय सुईनें पाडलेल्या छिद्राला अस्तर नाहीं. शरीराच्या दृष्टीनें ती जखम, आणि जखम भरून येते. छिद्रें कालांतरानें व्रणाच्या तंतूंनीं बुजून जातात, हें पुढें अनेकांना दिसलें.

गोष्ट येथें संपती तर मीं ती सांगितली नसती. १९८० नंतर अमेरिकेंत मिर्होसेनी नांवाच्या शस्त्रवैद्यानें सुईऐवजीं लेसर किरण घेतला आणि सेनांची कल्पना पुन्हा उजेडांत आली. रुग्णांची छातींतील कळ कमी होऊं लागली. १९९८ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रकांनीं त्या यंत्रास संमति दिली. लेसरचीं छिद्रेंहि बुजत होतींच. मग आराम कशानें? कोणी म्हणाले, वेदना नेणारे मज्जातंतु जळतात. कोणी म्हणाले, जखमेभोंवतीं नव्या केशवाहिन्या फुटतात. अखेर छाती न उघडतां नळीवाटे लेसर नेण्याची जी पद्धति निघाली होती तिची परीक्षा करतांना कांहीं रुग्णांवर लेसरचें नुसतें नाटक करण्यांत आलें, आणि कोणावर खरें व कोणावर खोटें हें रुग्णांना कळूं दिलें नाहीं. २००५ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : खोट्या उपचारानेंहि रुग्णांना तितकाच आराम वाटला होता. नवीन उपकरणाची जाहिरात वाचतांना मला हा निकाल नेहमीं आठवतो.

"म्हणजे सेन चुकले," दादा म्हणाले. चुकले, असें मलाहि म्हणावें लागतें. परंतु त्यांनीं माप देऊन लिहिलें, कुत्र्यांची तुलना कुत्र्यांशीं केली, आणि म्हणूनच दुसऱ्याला चार वर्षांत त्यांची चूक दाखवितां आली. दादांनीं मान हलविली. कारखान्यांत जो नकाशा काढतो त्याचीच चूक सांपडते; जो अंदाजानें काम करतो त्याची कधींच सांपडत नाहीं, असें ते म्हणाले.

सेन छिद्रें पाडीत होते त्याच काळांत अमेरिकेंत दुसरी वाट निघाली होती. १९६४ च्या जानेवारींत चार्ल्स डॉटर ह्या क्ष-किरणतज्ज्ञानें, पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका ब्यायशी वर्षांच्या बाईच्या मांडींतील अरुंद धमनी आंतून एकापेक्षां एक जाड नलिका सारून रुंद केली. ती बाई पुढें मरेपर्यंत आपल्या पायांनीं चालली. आंद्रेआस ग्रुंट्झिग ह्यानें झुरिचमध्यें नलिकेच्या टोंकाला न ताणणारा लहान फुगा बसविला. ते फुगे तो आपल्या घरच्या स्वयंपाकघरांतील मेजावर करी. १९७७ च्या १६ सप्टेंबरला त्यानें अडतीस वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाची धमनी ह्या फुग्यानें उघडली. आज असा फुगा दहा-पंधरा वातावरणांच्या दाबानें फुगवितात. मोटारीच्या चाकांत दोन-अडीचच असतो.

पण धमनी नळी असती तर रुंद केली ती रुंदच राहिली असती. ती लवचिक, फुगा काढला कीं कांहींशी परत आवळते. शिवाय फुग्यानें तिच्या भिंतीला चिरा पडतात, आणि भिंत त्या भरून काढूं लागते. सुमारें एक तृतीयांश रुग्णांत सहा महिन्यांच्या आंत ती जागा पुन्हा अरुंद होई. म्हणून तिला आंतून आधार देणारी धातूची जाळी आली, तीच स्टेंट. १९८६ सालीं फ्रान्समध्यें ज्याक प्युएल व स्वित्झर्लंडमध्यें उलरिश सिग्वार्ट ह्यांनीं ती प्रथम मनुष्याच्या हृदयाच्या धमनींत बसविली. आजचा स्टेंट कोबाल्ट-क्रोमियमच्या बारीक नळींतून लेसरनें कापतात; त्याच्या काड्या साठ-ऐंशी मायक्रॉनच्या, म्हणजे केसाएवढ्या. दादांनीं विचारलें, हें आपल्याकडे होतें का? होतें, शेजारच्या गुजरातेंत सुरत व वापी येथें तयार होतात. चाकणपासून ताथवड्यापर्यंत जे हात व जीं यंत्रें आहेत त्यांना काड्या कापणें अवघड नाहीं. अवघड आहे तें पुढचें : प्राण्यांवर, मग मनुष्यांवर, वर्षानुवर्षें हिशेब ठेवून केलेली परीक्षा. २०१७ च्या फेब्रुवारींत भारत सरकारनें साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये व औषधी स्टेंटची २९,६०० रुपये ठरविली, तेव्हां पूर्वीं लाखावर पैसे मोजलेल्या कुटुंबांना आपण मोजीत होतों तें कशाचें मोल, हा प्रश्न पडला असेल.

औषधी स्टेंट म्हणजे काय तें सांगतों, कारण दादांच्या गोळीचें मूळ तेथें आहे. नुसत्या जाळीनें भिंत आवळणें थांबलें, पण जखम भरतांना स्नायुपेशी जाळीच्या छिद्रांतून आंत वाढूं लागल्या. ती वाढ रोखणारें औषध मिळालें कोठें, तर प्रशांत महासागरांतील रापा नुई ह्या एकाकी बेटाच्या मातींत. १९६४ सालीं निघालेल्या कॅनडाच्या एका मोहिमेनें ती माती नेली. तींतील सूक्ष्मजंतूपासून भारतीय वंशाचे सुरेन सहगल व त्यांचे सहकारी ह्यांनीं रापामायसिन काढलें. बुरशीवर म्हणून शोधलेलें हें औषध मूत्रपिंडाच्या आरोपणांत उपयोगीं पडलें, आणि १९९९ सालीं त्याचा लेप दिलेला स्टेंट ब्राझीलमध्यें प्रथम बसविण्यांत आला. पुन्हा अरुंद होण्याचें प्रमाण एकदम घटलें.

मात्र औषधाला स्नायुपेशी कोणती व अस्तराची पेशी कोणती हें निवडतां येत नाहीं. तें दोघींनाहि रोखतें. उघड्या धातूवर अस्तर चढावयास जितके दिवस लागले असते त्याहून ह्या जाळीवर अधिक लागतात, आणि तोंवर केसाएवढ्या काड्या वाहत्या रक्तांत उघड्या असतात. त्या मुदतींत बिंबिकांना चिकटूं न देण्याचें काम गोळ्या करतात. म्हणून त्या दोन गोळ्या एकत्र सामान्यतः सहा महिने ते वर्षभर घ्यावयाच्या. कोणाला किती दिवस, हें त्याच्या वैद्यानें ठरवावयाचें. अस्तर चढण्याआधीं त्या एकाएकीं बंद केल्या तर स्टेंटमध्यें गुठळी होऊं शकते, आणि ती हळूहळू होत नाहीं. कांहीं मिनिटांत धमनी पूर्ण बंद होते.

दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे बुश बसविलें, पण अजून रनिंग-इन चाललें आहे." मला ह्याहून चांगला शब्द सांपडला नसता.

त्यांनीं त्याच बैठकींत हृदयाच्या वैद्यांना फोन लावला. गोळ्या बंद करावयाच्या नाहींत. दंतवैद्यांना सर्व कल्पना देऊन दाढ काढावी, जागेवर टांका घालावा व कापूस दाबून धरावा, असें त्यांनीं सांगितलें. दाढ शुक्रवारीं काढली. रक्त थांबावयास नेहमींपेक्षां अर्धा तास अधिक लागला. संध्याकाळीं मला फोन आला तेव्हां तोंडांत कापूस असल्यामुळें त्यांचे शब्द मला नीटसे कळले नाहींत. वहिनींनीं फोन घेतला आणि सांगितलें कीं, गोळी घेतली आहे.